खग्रासला गेलेली वही

ग्रहण जवळ आलं की आधी माझा फोन वाजायला लागतो आणि मग माझं डोकं फिरायला लागतं. लोणच्याच्या बरणीवर दर्भ ठेवा, गरोदर बाईनं विळीला हात लावू नये, पिण्याच्या पाण्यात तुळशीचं पान टाका. आणि हे सगळं पुढे ढकलणारी माणसं शिकलीसवरलेली, त्यातला एक तर चांगला इंजिनियर. सूर्याच्या भोवती जे विरळ, भयंकर तापलेलं वातावरण असतं, ज्याला आम्ही प्रभामंडल म्हणतो, त्याचा आणि त्यातल्या उद्रेकांचा अभ्यास करण्यात माझा उभा जन्म गेला. इंग्रजीत त्याला करोना म्हणतात, पण हल्ली तेही बोलायची सोय राहिली नाही. 'मी करोनावर काम केलं' म्हटलं की समोरचा लसीबद्दल विचारायला लागतो. दक्षिणेतल्या एका वेधशाळेतून निवृत्त होऊन मी महाडला परत आले, तर मागच्या ग्रहणाला शेजारच्या सूनबाई दारात उभ्या. "मॅडम, वेध किती वाजता लागतात हो?" मी त्यांना अर्धा तास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी समजावून सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि घरी जाऊन वेळेच्या आत स्वयंपाक आटपला.

दर्भाचं आणि तुळशीचं मी हसण्यावारी नेते. पण ग्रहणाशी माझं एक जुनं भांडण आहे. ते ह्याच गावात, मी नववीत असताना सुरू झालं, आणि अजून मिटलेलं नाही. ते मिटावं अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आमचं घर पोलादपूर तालुक्यात, कापड्याला. बाबा मूळचे महाडचे, कापड्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. सातवी झाल्यावर त्यांनी मला पुढच्या शिक्षणासाठी महाडला इंदूआत्याकडे आणून सोडलं. आत्या बाबांची सगळ्यांत थोरली बहीण, बाबांना कडेवर घेऊन वाढवलेली, त्यामुळे ती बाबांनाही दम देऊ शकत असे. एका दवाखान्यात ती आया होती. तिचे यजमान एसटी डेपोत मेकॅनिक; आम्ही त्यांना मामा म्हणायचो. दोघांना मूल नव्हतं. आमची बौद्धवस्ती डेपोच्या मागच्या अंगाला, आणि पहाटे डेपोत गाड्या सुरू करून तापवायला लागले की आमच्या मांडणीतली भांडी थरथरत. भांडी थरथरली की आत्या उठे. परातीत उकड मळल्याचा थपथप आवाज येई, आणि तांदळाच्या भाकरीच्या वासावर सुकट भाजल्याचा वास चढला की मीही उठे. मामा बशीत चहा ओतून फुर्र करत आणि बाहेरच्या नुसत्या आवाजावरून गाडीचा रोग सांगत. "ही भोरची गाडी हाय. वरंधच्या वर चढायची नाय आज," ते म्हणत, आणि दुपारी खरंच कुणीतरी त्यांना घाटात घेऊन जायला येई. थंडीत वाल आले की रात्री ते भिजत घालायचे, मोड आले की तिघांनी बसून सोलायचे. सोलता सोलता आत्या दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या गोष्टी सांगे, आणि मामा "पोरीसमोर काय बोलतीस" म्हणून पुटपुटत आणि तरी ऐकत बसत.

त्या घरात एक नियम होता. कुणी दारातून काही दिलं तर घ्यायचं नाही. "बसवून वाढलं तर खायाचं. दारातनं कुनी अमृत दिलं तरी मागं फिरायचं," आत्या म्हणे. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. कापड्याला आईबाबाही असल्या गोष्टी बोलत नसत. जे सोडून आलो ते मुलांच्या कानावरसुद्धा जाऊ नये, असं त्या पिढीनं आपापसात ठरवूनच टाकलं होतं की काय कोण जाणे. मला तो आत्याचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा.

आता लिमये सर. ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. आधीच सांगते, त्यांच्याइतका चांगला शिक्षक मला पुढे फार थोड्या ठिकाणी भेटला. सर खादीचा झब्बा घालत, वर्गात कुणाची जात विचारत नसत, अंधश्रद्धेवर गावोगाव व्याख्यानं देत. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक पितळी दुर्बीण पैदा केली होती, आणि शाळा भरायच्या आधी, दहा वाजता, मैदानात ते आम्हाला सूर्य दाखवत. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, डोळा जातो. दुर्बिणीच्या मागे फळी बसवायची, फळीवर कागद, कागदावर आधीच काढलेलं वर्तुळ. सूर्याची प्रतिमा त्या वर्तुळात बरोबर बसवायची आणि डाग जिथे दिसेल तिथे पेन्सिल टेकवायची. सूर्य सारखा सरकत असतो, त्यामुळे हात चटचट चालावा लागतो. मधला काळा भाग गडद, भोवतालचा करडा भाग हलका, किती डाग, किती झुपके, आकाश कसं होतं, सगळं वर्तुळाखाली लिहायचं. मुलांना चार दिवसांत कंटाळा आला. मला आला नाही. काल डावीकडे असलेला डाग आज जरासा उजवीकडे सरकलेला दिसला, आणि एवढा मोठा सूर्य स्वतःभोवती फिरतो हे मला कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्याच पेन्सिलीवरून कळलं. तेव्हापासून ती वही माझी झाली. दोन वर्षं, रविवारसकट, मी रोज दहा वाजता सूर्य काढला. पावसाळ्यात चार महिने महाडात सूर्याची गाठ पडणं मुश्किल. तेव्हा गावात बाकी सगळं ओलं आणि माझी वही तेवढी कोरडी.

प्रभामंडलाचं सरांनीच सांगितलं. "चुलीपासून लांब गेलं की ऊब कमी होते, बरोबर? सूर्याचं उलटं आहे. पृष्ठभाग काही हजार अंश, आणि त्याच्या वरचं वातावरण दहा लाखांच्या पुढे. का, ते कुणालाच नीट कळलेलं नाही." मी म्हटलं, "सर, मग ते आपल्याला दिसत का नाही?" तर म्हणाले, सूर्याच्या उजेडापुढे ते फिकं पडतं, फक्त खग्रास ग्रहणात, चंद्रानं सूर्य पुरता झाकला की, काही क्षण दिसतं. हे ऐकलं त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही. मी दीड वर्ष ज्या सूर्याच्या तोंडावरचे डाग मोजत होते, त्याचा एवढा थोरला पसारा माझ्यापासून लपलेला होता, आणि तो बघायचा एकच रस्ता होता.

तो रस्ता त्याच वर्षी उघडला. माघातल्या एका दुपारी खग्रास होतं, आणि त्याची सावली आमच्या खाली, कारवारच्या बाजूनं जाणार होती. महाडला नुसतं खंडग्रास. सरांनी सहा विद्यार्थ्यांना घेऊन जायचं ठरवलं, आणि पहिलं नाव माझं घेतलं. मी हवेतच होते. वहीतले महिनाभराचे डाग बघून मी ठरवलं की ग्रहणाच्या दिवशी सूर्याच्या कडेवर कुठले झुपके येतील ते काढायचं, आणि त्यांच्या वर प्रभामंडलाच्या लांब शलाका, म्हणजे बाहेर झेपावणारे उजेडाचे पट्टे, असतील असा अंदाज बांधायचा. डाग खूप असले की प्रभामंडल चहूबाजूंनी पसरतं, कमी असले की दोन बाजूंना लांबट होतं, एवढं सरांच्या एका पुस्तकात होतं. बाकीचं माझं डोकं. डाव्या पानावर काळी चकती काढून मी चार शलाका दाखवल्या, वर लिहिलं 'अंदाज'. उजव्या पानावर तशीच चकती, वर लिहिलं 'प्रत्यक्ष', आणि भोवतालची जागा रिकामी ठेवली. आज तो अंदाज मला बाळबोध वाटतो. पण शास्त्र म्हणजे दुसरं काय असतं? आधी लिहून ठेवायचं आणि मग जाऊन बघायचं. सरांनी ती दोन पानं उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, "एवढ्यासाठी तरी जायलाच हवं." आई कापड्याहून सुकटीची चटणी आणि तांदळाचे लाडू घेऊन आली, बाबांनी संमतिपत्र लिहून दिलं, मामांनी कारवारच्या वाटेवरच्या सगळ्या डेपोंची नावं मला पाठ करायला लावली.

निघायच्या दोन दिवस आधी सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. दुर्बीण खोक्यात भरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुजाता, एक अडचण आहे. आपण उतरणार ते माझ्या साडूंच्या घरी. घर जुन्या वळणाचं. विहीर, स्वयंपाकघर, सगळं सोवळ्याचं. मी काही मानत नाही, हे तुला ठाऊक आहे."

"हो सर."

"पण दुसऱ्याच्या घरी आपण काय बोलणार? तुझीच कुचंबणा होईल. शिवाय पाच मुलगे आणि तू एकटी मुलगी."

मी म्हटलं, "मी बाहेर अंगणात झोपेन सर. भाकऱ्या बरोबर घेईन. विहिरीकडे जाणार नाही."

त्या दिवसातलं जे जे आठवतं त्यात ह्या वाक्याची मला सगळ्यांत जास्त चीड येते. ते सरांनी नाही, मी उच्चारलं. पंधरा वर्षांच्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते तयारच होतं तोंडात.

सर म्हणाले, "छे छे, बाहेर कशी झोपवणार तुला? मलाच बरं वाटणार नाही." म्हणजे सरांना बरं वाटावं म्हणून मी मागे राहायचं. साडूंना एक पोस्टकार्ड टाकून विचारावं, एक रात्र एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात काढावी, ह्यातलं काही त्या विद्वान माणसाला सुचलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. वर हात पुढे करून म्हणाले, "वही मात्र दे. ती तिथे लागेल. तुझी वही येते आहे म्हणजे तूच येते आहेस, असं समज. आणि इथलं खंडग्रास तू काढ, तेही महत्त्वाचं आहे."

मी वही दिली. घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं. "वहीला वाट हाय आनि तुला नाय?" एवढंच म्हणाली. बाबांनी निरोप पाठवला, मनाला लावून घेऊ नको, पुढच्या वेळी जा. भारतात पुढचं खग्रास झालं तेव्हा मी तिशीची होते.

ग्रहणाच्या दिवशी महाड दुपारपासूनच मेल्यासारखं झालं. दुकानांच्या फळ्या लागल्या, चवदार तळ्याच्या बाजूनं एरवी शाळेला जाताना माणसांतून वाट काढावी लागे तिथे एक कुत्रं तेवढं झोपलेलं. मामा सांगत होते, मुंबई गाडीत ड्रायव्हर-कंडक्टर सोडून कुणी नव्हतं. दुर्बीण तर सर घेऊन गेले होते. मी मामांचा दाढीचा आरसा घेतला, त्याच्यावर काळा कागद चिकटवला, कागदाला मुगाएवढं भोक पाडलं. शाळेच्या मैदानात स्टुलावर आरसा ठेवून उन्हाचा कवडसा प्रयोगशाळेच्या दारातून आत, लांबच्या भिंतीवर पाडला. भिंतीवर वाटीएवढा सूर्य पडला, आणि बघता बघता त्याच्या कडेला चंद्रानं घास घेतला. दर पाच मिनिटांनी मी कागदावर आकार काढत होते. मैदानातलं ऊन पातळ होत गेलं, सावल्यांच्या कडा विचित्र धारदार झाल्या. शेवटी भिंतीवर नुसती नखाएवढी कोर राहिली. मला ठाऊक होतं, ह्या घटकेला तिकडे खाली सरांच्या डोक्यावर प्रभामंडल उघडलं असेल. इथे त्या एका कोरीच्या उजेडात ते सगळं बुडून गेलेलं. कोर राहिली की काहीच दिसत नाही; थोडं कमी दिसतं असं नाही, काहीच नाही. मी रडले, आणि रडत रडत पाच मिनिटांनी पुढची आकृती काढली.

पाचला काही मिनिटं असताना सूर्य पुरा सुटला. मी वेळ लिहिली, आरसा पुसला, सगळं आवरेपर्यंत अर्धा तास गेला. सरांचं घर मैदानाला लागूनच होतं. त्यांची पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, मागच्या दारातून हाक मारत होत्या. "सुजाता, इकडे ये गं जरा." नुकत्याच न्हालेल्या, केस ओले. हातात सूप. सुपात तांदूळ, उडीद, काळे तीळ, मिठाची पुडी, एक लोखंडी खिळा आणि घडी केलेलं जुनं लुगडं. "किती वेळ वाट बघतोय. हल्ली कुणी फिरकतच नाही मागायला. सासूबाई सकाळपासून उपाशी बसल्यात, दान गेल्याशिवाय जेवायच्या नाहीत. म्हटलं, तू आहेसच इथे. घे हो, संकोच करू नकोस."

मला त्यातलं 'म्हातारी उपाशी आहे' एवढंच कळलं. वहिनींनी सूप हातात दिलं नाही, पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या; ते मला खूप नंतर आठवलं. आत्याचा नियम मला ठाऊक होता, पण सरांचं घर म्हणजे काही कुणाचंही दार नव्हे, असं वाटलं. उलट बरं वाटलं. सरांनी मला नेलं नाही म्हणून त्यांच्या घरच्यांनी काहीतरी दिलं, अशी माझी समजूत. सूप काखेला लावून, तिळाची चटणी करू म्हणत, मी गावातून चालत घरी आले. घराघरांतून पाणी ओतून ओटे धुणं चाललेलं. बायका माझ्याकडे बघत होत्या आणि बाजूला होत होत्या.

आत्यानं सूप बघितलं. खिळा बघितला. मग तिनं जे केलं ते मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. ती चुलीसमोर मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"कुनी दिलं?"

"लिमये वहिनींनी. ग्रहण सुटलं म्हणून."

"आनि तू घेतलंस." मग तिनं सांगितलं. ती सहा-सात वर्षांची असल्यापासून ग्रहण सुटलं की तिची आई तिला घेऊन ह्याच गल्ल्यांतून फिरायची. दोघींनी ओरडायचं, "दे दान, सुटे गिराण!" लोक ओट्यावरून, वरून, लांबून टाकायचे, ग्रहणाची पीडा धान्यात उतरवून ती आपल्या ओटीत घालायचे. खाली सांडलेलं वेचायचं काम लहान म्हणून आत्याचं. "आमी त्यांची गिराणं खाल्ली, सुजा. मग वस्तीनं ठरवलं, आता बास. मेलेलं ढोर ओढायचं नाय, भाकर मागायची नाय, गिराण घ्यायचं नाय. टोपली मी माज्या हातानं सावित्रीच्या पाण्यात सोडली. तुज्या बापाला ठावं नाय असल्या गोष्टी मला ठाव्या हायत. आनि तू शिकलेली पोर, सूर्याचं चित्र काडनारी, तू भर रस्त्यानं ते सूप आनलंस." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

पदर खोचून आत्या उठली. सूप तिनं घेतलं, मला पुढे घातलं. सरांच्या घरी ती मागच्या दारानं गेली नाही. पुढच्या ओट्यावर चढली आणि सूप दाराच्या मधोमध ठेवलं. वहिनी आल्या, त्यांच्या मागून काठी टेकत सासूबाई.

"हे तुमचं सूप, वैनी. पोरीला ठावं नव्हतं."

वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो, असं काय करता? आम्ही चांगल्या मनानं दिलं हो. जुनं म्हणावं तर लुगडं दोनदासुद्धा नेसलेलं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "घेतलेलं दान कुणी परत करतं का? आमची पीडा आमच्याच दारात आणून टाकतेस?"

"तुमची हाय तर तुमच्याच दारात राहू दे," आत्या म्हणाली. "आमच्या दारात कशाला धाडली?"

"अगं, मी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नाही."

"मग जेवा. कुनी धरलंय तुमाला? गिराण पाचाच्या आत सुटलं. ही बघा, पोरीनं वेळ लिवून आनलीय. दाखव गो."

मी कागद पुढे केला. म्हातारीनं कागदाकडे बघितलं नाही. आत्या जायला वळली, आणि परत फिरून वहिनींना म्हणाली, "सरांना सांगा, पोरीला दान नको व्हतं. गाडीत एक जागा पायजे व्हती." घरी येऊन तिनं उकड काढली, भाकऱ्या थापल्या, आणि आम्ही तिघांनी जेवून घेतलं.

दोन दिवसांनी सर परत आले. विज्ञानाच्या तासाला त्यांनी पाचही मुलांना फळ्यापुढे उभं करून सांगायला लावलं. एक म्हणाला, पक्षी घरट्याकडे गेले. दुसरा म्हणाला, गाई हंबरायला लागल्या. तिसऱ्याला थंडी वाजली. चौथा म्हणाला, सूर्य असा दिसला की काय सांगू. वर्ग टाळ्या वाजवत होता, सर कौतुकानं बघत होते. मी उभी राहिले.

"सर, शलाका किती होत्या?"

सरांनी मुलांकडे बघितलं. मुलांनी एकमेकांकडे. एक म्हणाला, सगळीकडूनच पांढरं पांढरं होतं. दुसरा म्हणाला, वरच्या बाजूला जास्त. पहिला म्हणाला, नाही, खालच्या.

"वहीत काढलंय का सर? उजव्या पानावर?"

सर हसले, पण ते हसू ओशाळं होतं. "अगं, जेमतेम तीन मिनिटांचा खेळ. माणसाचं भान कुठलं राहतं? वही पिशवीतच राहिली."

"मग नेलीत कशाला?"

"सुजाता, खाली बस."

"मला नेलं असतं तर मी काढलं असतं सर."

"खाली बस म्हणतोय ना."

मी बसले नाही. सरांनी पुढचा धडा काढला, फळ्यावर लिहायला सुरुवात केली, मुलं वह्या उघडून उतरवून घ्यायला लागली. मी तास संपेपर्यंत उभी होते. मला उद्धटपणा करायचा नव्हता. गुडघेच वाकत नव्हते.

घंटा झाल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला वही परत दिली. 'अंदाज' होता तसा, 'प्रत्यक्ष' कोरं. हलक्या आवाजात म्हणाले, "घरी काय झालं ते कळलं. आईचं वय झालंय. तुझ्या आत्यानं थोडं समजून घ्यायला हवं होतं." समजून आत्यानं घ्यायचं! पन्नाशी उलटलेल्या त्या बाईनं जन्मभर दुसरं केलं काय होतं? दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी पुन्हा मैदानात गेले आणि सूर्य काढला, कारण अख्ख्या तालुक्यात दुर्बीण ती एकच होती, आणि रागावून मी ती सोडली असती तर लिमये सरांचं काहीच बिघडलं नसतं.

पुढे वेधशाळेत नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी त्या ग्रहणाचे फोटो शोधून काढले आणि माझी वही शेजारी ठेवली. माझ्या चार शलाकांपैकी दोन बरोबर होत्या, दोन साफ चुकल्या होत्या. त्या का चुकल्या ते कळायला मला आणखी काही वर्षं लागली, आणि माझं पहिलं चांगलं काम त्यातूनच निघालं. पण ती चूक मला त्याच आठवड्यात कळायला हवी होती. यश उशिरा मिळालं अशी कुरकुर लोक करतात. मला माझी चूकसुद्धा दहा-बारा वर्षं उशिरा मिळाली. आता सूर्यावर नजर ठेवायला यानं आहेत, त्यांच्यात चकती बसवून सूर्य झाकतात आणि रोजच्या रोज प्रभामंडल बघतात. एखादा उद्रेक आपल्याकडे निघाला की कुठली तरी पोर पडद्यावर बघून इशारा देते. तिला कुणाच्या साडूच्या घरी उतरावं लागत नाही, ह्याचं मला फार बरं वाटतं.

परवा शाळेची मंडळी घरी आली होती. लिमये सरांची जन्मशताब्दी करायची आहे, मुख्य वक्त्या म्हणून मी बोलावं, विषय 'माझे गुरू'. मी लगेच हो म्हटलं, ते जरा चकितच झाले. मला सूर्य लिमये सरांनी दाखवला. हे मी व्यासपीठावरून सांगणार आहे, कारण ते खरं आहे. आणि ते खरं आहे म्हणूनच माझा राग जात नाही. परक्यानं तोंडाला पानं पुसली असती तर मी केव्हाच विसरले असते. वहीबद्दल सांगणार आहे, सुपाबद्दल सांगणार आहे, आत्याचं नाव घेणार आहे, हेही मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. मंडळी चहा पिऊन उठली तेव्हा त्यांतले एक चाचरत म्हणाले, "मॅडम, कार्यक्रम भरगच्च आहे. प्रत्येक वक्त्याला तीनच मिनिटं देता येतील. चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल. नीट बघायचं ठरवलं असेल तर तीन मिनिटांत खग्रास बघून होतं.